हळदीचा मेल स्पॅममध्ये का पडतो

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद-बेदाण्याच्या पेढीचा मेल सर्व्हर देखभालीसाठी आमच्याकडे आला, तेव्हा तक्रार एका ओळीची होती: "बाहेरच्या पार्ट्यांचे मेल येत नाहीत." मेल येत होते. काही जंक फोल्डरमध्ये पडत होते, काही दारातूनच परत जात होते आणि थोडे एका टेबलावरच्या थंडरबर्डने (मेल वाचायच्या प्रोग्रामने) स्वतःच्या जंकमध्ये टाकले होते. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं, पण तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. हळदीच्या हंगामात दुबईच्या खरेदीदाराचं "नमुना पसंत, माल भरा" हे उत्तर दोन दिवस जंकमध्ये राहिलं तर त्या दोन दिवसांत भाव हलतो. त्यामुळे हे काम आम्ही अंदाजाने न करता एकेका मेलचा माग काढत केलं.

मांडणी साधी होती: भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, त्यावर मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारा डोव्हकॉट, स्पॅम तपासायला स्पॅमअसॅसिन. बाराएक मेलबॉक्स.

पहिली अडचण पुरावा मिळवण्याची. ऑफिसमधून व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा फोटो यायचा, नाहीतर तो मेल आम्हाला फॉरवर्ड व्हायचा. दोन्हींचा उपयोग नाही. फॉरवर्ड केलं की मूळ हेडर (मेलसोबत येणाऱ्या त्याच्या प्रवासाच्या तांत्रिक नोंदी) जातात आणि नवे लागतात, आणि निदान सगळं हेडरमध्येच असतं. म्हणून मेल निवडायचा, "सेव्ह अॅज" करून त्याची ईएमएल फाइल काढायची आणि ती अटॅचमेंट म्हणून पाठवायची, एवढं आधी दिवाणजींना आणि एक्स्पोर्ट बघणाऱ्या मॅडमना शिकवलं. जीमेलवर खातं असेल तर उजवीकडचे तीन ठिपके दाबून "शो ओरिजिनल" उघडायचं आणि तिथून डाउनलोड करायचं. ईएमएल हातात येईपर्यंत कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही स्वतःलाही घालून घेतला.

मग मेल नेमका कुठे अडला ते शोधायचं. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख घेऊन सर्व्हरचा मेल लॉग चाळला. लॉगमध्ये "रिजेक्ट" आणि ५५४ दिसलं तर मेल आत आलाच नाही, स्पॅमअसॅसिनचा त्यात काही संबंध नाही. ४५० दिसलं तर ग्रेलिस्टिंग: अनोळखी सर्व्हरला "थोड्या वेळाने या" म्हणून परत पाठवलं जातं. हे काम करणाऱ्या पोस्टग्रे या प्रोग्राममध्ये ही मुदत मुळात ३०० सेकंदांची असते, पण मोठ्या मेल सेवा पुढचा प्रयत्न वेगळ्याच आयपीवरून करतात, तोही पुन्हा अनोळखी ठरतो, आणि पाच मिनिटांचे तास होतात. बँकेचा ओटीपी मेलवर येत असेल तर तो मुदत संपल्यावर पोचतो. या सर्व्हरवर ग्रेलिस्टिंग चालू होतं, ते आम्ही बंद केलं. बारा मेलबॉक्सच्या पेढीला त्याचा फायदा थोडा आणि खोळंबा जास्त. लॉगमध्ये मेल "डिलिव्हर्ड" दिसला आणि हेडरात स्पॅमचा शिक्का नसला, तर दोष टेबलावरच्या प्रोग्रामचा. थंडरबर्डमध्ये स्वतःचं शिकणारं जंक फिल्टर असतं. सर्व्हरवर एक आणि टेबलावर दुसरं अशी दोन फिल्टरं एकावर एक ठेवू नयेत. टेबलावरचं बंद केलं.

उरले ते शिक्का बसून जंकमध्ये गेलेले मेल. स्पॅमअसॅसिन एकेका नियमाचे गुण मोजतो आणि बेरीज ५.० ला पोचली की मेल स्पॅम ठरवतो. मूळ सेटिंगमध्ये "एक्स-स्पॅम-स्टेटस" या हेडरात फक्त लागू झालेल्या नियमांची नावं येतात, कुणाचे किती गुण ते येत नाहीत. प्रत्येक नावापुढे गुण छापणारी ओळ आम्ही कॉन्फिगमध्ये टाकली. "रिपोर्ट सेफ" ही सेटिंग मुळात १ असते. ती असली की मूळ मेल एका अहवालाच्या आत अटॅचमेंट म्हणून गुंडाळला जातो आणि ऑफिसातल्या माणसाला काय आलंय तेच कळत नाही. ती ० केली.

एक मेल इथे पूर्ण उलगडून दाखवतो. हळकुंडाच्या एका कंटेनरचा भाव आणि कर्क्युमिनची टक्केवारी विचारणारा खरेदीदाराचा मेल, मजकूर सहा ओळींचा, एकूण गुण साडेसहाच्या आसपास. त्यातले ३.५ "बेज ९९" या नियमाचे आणि ०.२ "बेज ९९९" चे (बेज म्हणजे जुन्या मेलवरून शिकणारा स्पॅमअसॅसिनचा भाग). पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीला उलटं नाव, म्हणजे आयपीवरून सापडणारं सर्व्हरचं नाव, नव्हतं, त्याचे ०.८. उत्तरासाठी दिलेला पत्ता जीमेलचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीचा, म्हणून दोनच्या थोडे वर. नुसता एचटीएमएल मजकूर होता, त्याचा ०.१. यातले शेवटचे तीन नियम पाठवणाऱ्याच्या सवयीचे आहेत. जगभरचे छोटे व्यापारी असेच मेल पाठवतात, आणि ते तिघे मिळूनही तीनच्या आसपास थांबतात. मेल बुडवला तो बेजने, म्हणजे आपल्याच सर्व्हरने शिकलेल्या गोष्टीने.

इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात. ५.० ची मर्यादा ७ किंवा ८ वर नेतात, नाहीतर पाठवणाऱ्याला पांढऱ्या यादीत टाकतात. पहिल्याने खरा स्पॅम सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये शिरतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो. दुसऱ्याबद्दल पुढे बोलतो, कारण व्यापाऱ्याच्या पेढीत तो फार महागात पडू शकतो.

बेजच्या आधी मात्र डीएनएसचं, म्हणजे नावावरून आयपी शोधण्याच्या व्यवस्थेचं, बघावं लागलं. दारातून परत गेलेल्या मेलचं मूळ तिथे होतं. सर्व्हर डीएनएससाठी ८.८.८.८ हा सार्वजनिक रिझॉल्व्हर (अशी उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) वापरत होता. स्पॅमहॉस या संस्थेच्या मोफत काळ्या याद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या चौकशीला खरं उत्तर देत नाहीत, त्या १२७.२५५.२५५.२५४ हा चूक दाखवणारा कोड परत पाठवतात, म्हणजे "तुमची चौकशी चुकीच्या वाटेने आली आहे." पोस्टफिक्समध्ये यादीचं नुसतं नाव लिहिलेलं असेल तर कुठलंही उत्तर आलं की तो त्याचा अर्थ "हा आयपी काळ्या यादीत आहे" असा घेतो. चांगला-वाईट कुणीही येवो, दार बंद. ज्या वेळी रिझॉल्व्हरकडून उत्तरच यायचं नाही त्या वेळी मेल आत यायचे, म्हणून तक्रार "कधी येतात, कधी येत नाहीत" अशी होती. याच बिघाडाची दुसरी खूण हेडरात होती: "यूआरआयबीएल ब्लॉक्ड", गुण फक्त ०.००१. आकडा एवढा लहान की कुणी बघत नाही, पण ही ओळ दिसली की आपला रिझॉल्व्हर चुकीचा आहे असं समजावं.

उपाय: त्याच सर्व्हरवर अनबाउंड बसवला, कुणाकडेही फॉरवर्ड न करता स्वतः मुळापासून उत्तर शोधणारा, आणि सर्व्हरचं डीएनएस १२७.०.०.१ वर वळवलं. तपासायला स्पॅमहॉसच्या झेन यादीत २.०.०.१२७ ही चाचणीची नोंद "डिग" या आदेशाने विचारायची. १२७.०.०.२, ४ आणि १० ही उत्तरं आली की वाट बरोबर. पोस्टफिक्समध्येही यादीच्या नावापुढे अट घातली: उत्तर १२७.०.०.२ ते ११ या पट्ट्यातलं असेल तरच नाकार. एवढं करूनही आठवड्याने तोच बिघाड परत आला. सर्व्हर रीस्टार्ट झाला होता आणि नेटवर्कच्या आपोआप सेटिंगने रिझॉल्व्हरची फाइल जुन्या पत्त्याने पुन्हा लिहिली होती. ती सेटिंग बंद करून, सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करून, पुन्हा चाचणीची नोंद विचारली, तेव्हा ते काम पक्कं झालं.

पेढीच्याच माणसांचे एकमेकांना पाठवलेले मेलही जंकमध्ये जात होते. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधला माणूस मोबाइल डेटावरून बेदाण्याच्या बॉक्सचा हिशेब ऑफिसला पाठवायचा आणि त्यावर "पीबीएल"चे ३.३ गुण बसायचे. पीबीएल ही घरगुती आणि मोबाइल इंटरनेटच्या आयपींची यादी. अशा आयपीवरून सर्व्हर थेट मेल पाठवत नसतात, हे तिचं तत्त्व आणि ते बरोबरच आहे. पण आपला माणूस पासवर्ड देऊन आपल्याच सर्व्हरमार्फत पाठवतोय, हे स्पॅमअसॅसिनला कळायला हवं. पोस्टफिक्स ही खूण हेडरमध्ये आपणहून लिहीत नाही. "एसएमटीपीडी सासल ऑथेंटिकेटेड हेडर" ही सेटिंग मुळात "नो" असते. ती "येस" केली आणि हे मेल त्याच दिवशी सरळ इनबॉक्समध्ये येऊ लागले. असे मेल तपासणीतून पूर्ण वगळावेत असंही काही जण सुचवतात. आम्ही वगळले नाहीत, कारण एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला तर त्याच वाटेने स्पॅम बाहेर पडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता बेज. सगळ्यात जास्त वेळ यात गेला. बेज शब्द मोजतो: कुठला शब्द स्पॅममध्ये किती वेळा आला, चांगल्या मेलमध्ये किती वेळा आला. एखाद्या मेलवर त्याने निकाल का दिला ते बघायचं तर तो ईएमएल डीबगच्या "बेज" पर्यायासह चाचणीत चालवायचा. एकेक शब्द आणि त्याचं वजन समोर येतं. शून्याजवळ असेल तर चांगला, एकाजवळ असेल तर स्पॅम. आमच्या मेलमध्ये एकाच्या अगदी जवळ कोण होतं? इंग्रजीतले कर्क्युमिन, टर्मरिक, पावडर, प्राइस, ऑर्गॅनिक, सॅम्पल. म्हणजे पेढीचा अख्खा धंदा.

असं होण्याची कारणं दोन. गोळ्या, कॅप्सूल आणि वजन घटवण्याच्या औषधांचे स्पॅम मेल कर्क्युमिनच्या नावाने येतात, ते बेजने रास्तपणे शिकून घेतले. दुसरं कारण घरातलं होतं. जंक फोल्डरमध्ये ओढलेला प्रत्येक मेल रात्री स्पॅम म्हणून शिकवायचा, असा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आधीच्या कुणीतरी लावला होता. ऑफिसमधली मंडळी नको असलेला मेल डिलीट करण्याऐवजी जंकमध्ये ओढायची: बाजारभावाची पत्रकं, प्रदर्शनाची आमंत्रणं, दुसऱ्या व्यापाऱ्यांची हळदीची कोटेशनं. यातलं काहीच स्पॅम नव्हतं. रोज थोडं थोडं करत सर्व्हरला हेच शिकवलं गेलं की हळद म्हणजे स्पॅम. आपोआप शिकण्यावर शंका होती, पण ते निर्दोष निघालं. त्याची अट कडक असते: बेजचे गुण न धरता १२.० च्या वर गेलेला मेलच ते स्पॅम म्हणून शिकतं, आणि त्यातले किमान ३ गुण हेडरचे आणि ३ मजकुराचे लागतात.

दुरुस्तीचा आधीचा प्रयत्न वाया का गेला होता तेही सापडलं. कुणीतरी रूट म्हणून लॉगिन करून शंभरेक चांगले मेल शिकवले होते. पण शिकवलेलं त्या-त्या युजरच्या घरच्या फोल्डरमधल्या डेटाबेसमध्ये जातं, आणि तपासणी करणारा स्पॅमडी वेगळ्याच युजरच्या नावाने चालत होता. रूटचा डेटाबेस हुशार झाला, चालणारा होता तसाच राहिला. ज्या युजरने स्पॅमडी चालतो त्याच युजरने "एसए-लर्न" हा शिकवण्याचा आदेश चालवायचा, आणि आधी-नंतर "डंप मॅजिक" करून स्पॅम आणि हॅमचे (चांगल्या मेलचे) आकडे बघायचे. आकडा हलला नाही तर आपण भलत्याच घरात शिकवतोय.

डेटाबेस इतका बिघडला होता की तो आधी बॅकअप घेऊन पुसला आणि नव्याने भरला. बेजला किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल लागतात. तोपर्यंत तो गप्प बसतो. चांगले मेल आम्ही तीन-चार वर्षांच्या खरेदीदारांच्या जुन्या पत्रव्यवहारातून निवडले, तेही आलेले मेलच. "सेंट" फोल्डरमधले घेतले नाहीत, कारण बाहेर जाणाऱ्या मेलचे हेडर वेगळे असतात. स्पॅम मात्र एकेक उघडून, डोळ्याने बघून घेतला. ४०० मेल असे बघायला दोन माणसांचा एक दिवस जातो, आणि तो द्यावाच. पुन्हा तपासल्यावर राजापुरी, सेलम, न्हावा शेवा, कंटेनर हे शब्द चांगल्या बाजूला भक्कम बसले. कर्क्युमिन मधोमध आला, आणि तिथेच तो असायला हवा.

मराठी मेलचा वेगळा गुंता होता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट घेते. स्पॅमअसॅसिनच्या जुन्या आवृत्त्यांत शब्दाची मर्यादा १५ बाइट होती. त्याहून लांब असा बिगर-इंग्रजी शब्द तुकडे करून साठवला जायचा. "हळद" ९ बाइटांत मावतो. "हळकुंड" आणि "बेदाणा" प्रत्येकी १८ बाइटांचे, म्हणजे ते शब्द म्हणून शिकलेच जात नव्हते, त्यांचा चुरा शिकला जात होता आणि तो चुरा कुठल्याही मराठी-हिंदी मेलमध्ये सापडतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत युनिकोडची हाताळणी पुष्कळ सुधारली आहे. ती चढवून मगच शिकवायला बसलो.

शिवाय जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र कॉपी करून मेलमध्ये चिकटवलं की पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर मराठी दिसतं, पण फिल्टरच्या हाती लागतात विखुरलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्पॅमर शब्द लपवण्यासाठी मुद्दाम जो गोंधळ करतात, त्यासारखंच ते दिसतं. यावर सर्व्हरकडून काही करता येत नाही. पत्र पीडीएफ करून जोडावं आणि मेलमध्ये दोन ओळी युनिकोडमध्ये लिहाव्यात, एवढं पाठवणाऱ्यांना कळवलं. भाषा ओळखणारं प्लगइन चालू होतं आणि चालतील अशा भाषांच्या यादीत फक्त इंग्रजी-हिंदी होती, म्हणून शुद्ध मराठी मेललाही २.८ गुण बसत होते! यादीत मराठी घातली.

वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि नव्या गिऱ्हाइकांचे निम्मेअधिक मेल तिथूनच अडत होते. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता "फ्रॉम"मध्ये टाकून वेबसाइटचा सर्व्हर मेल पाठवत होता. हा सरळ सरळ बनावट पत्ता झाला. याहूने एप्रिल २०१४ मध्येच डीमार्क धोरण (आपल्या नावाच्या बनावट मेलचं काय करायचं ते सांगणारं) "रिजेक्ट" केलं आहे, त्यामुळे याहूचा पत्ता लिहिणाऱ्याची चौकशी मुळीच पोचत नव्हती. फ्रॉममध्ये पेढीच्या डोमेनचा पत्ता आणि रिप्लाय-टूमध्ये गिऱ्हाइकाचा, ही योग्य पद्धत. पण तसं केलं की जीमेलचा रिप्लाय-टू बघून तोच दोन गुणांचा नियम लागतो. मग वेबसाइटच्या मेलला डीकेआयएम सही (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणारी) लावली आणि त्या एका पत्त्यापुरती सही तपासून सूट दिली.

आता पांढऱ्या यादीबद्दल. "व्हाइटलिस्ट फ्रॉम" हा नियम फक्त पाठवणाऱ्याचा लिहिलेला पत्ता बघतो आणि तब्बल १०० गुण वजा करतो, ४.० पासून त्याचं नाव "वेलकमलिस्ट फ्रॉम" झालं आहे. फ्रॉमचा पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो. व्यापारात खरेदीदाराच्या किंवा विक्रेत्याच्या नावाने "आमचं बँक खातं बदललं आहे, पेमेंट नव्या खात्यावर करा" असे मेल येतात. तो पत्ता या यादीत असेल तर बनावट मेल थेट इनबॉक्समध्ये, वर विश्वासाच्या शिक्क्यासह येतो. पेढीच्या यादीत असे चाळीस पत्ते होते. आम्ही सगळे काढले. त्यातले ज्यांचे मेल एसपीएफ (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतो याची डीएनएसमधली नोंद) किंवा डीकेआयएमवर पास होत होते ते "वेलकमलिस्ट ऑथ"मध्ये गेले. ही यादी पत्ता जुळला आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमही पास झालं तरच सूट देते. ज्यांचं काहीच जुळत नव्हतं त्यांना सूट दिली नाही. त्यांना कळवलं की एकाच डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी असल्या किंवा एका नोंदीला १० पेक्षा जास्त डीएनएस चौकश्या लागल्या की एसपीएफ बाद होतं. त्यांच्यातल्या दोघांकडे नोंदी दोनदोनच निघाल्या.

क्वचित चूक फिल्टर बनवणाऱ्यांचीही असते. १ जानेवारी २०१० ला स्पॅमअसॅसिनच्या एका नियमाने २०१० सालची तारीखच "फार पुढची" ठरवून जगभरच्या चांगल्या मेलला गुण लावले होते. नियमांचा अपडेट त्याच दिवशी आला, पण ज्यांचा अपडेट बंद होता त्यांच्याकडे ते चालूच राहिलं. म्हणून "एसए-अपडेट" रोज चालतो की नाही, आणि नंतर स्पॅमडी रीस्टार्ट होतो की नाही, हे दोन्ही बघितलं. इथे अपडेट येत होता, रीस्टार्ट होत नव्हता. नवे नियम डिस्कवर पडून होते.

प्रत्येक बदलाआधी "लिंट" हा चुका शोधणारा पर्याय चालवून कॉन्फिग तपासायचं, मग बाजूला ठेवलेले ५० चांगले आणि ५० स्पॅम मेल नव्या सेटिंगवर चालवायचे. हे शंभर मेल बेजला शिकवलेल्यांतले नसावेत, नाहीतर निकाल फसवा येतो. आणि जुना मेल आज पुन्हा तपासला की गुण वेगळे येणारच, कारण मधल्या काळात काळ्या याद्या बदललेल्या असतात. मेल आला त्या क्षणी हेडरात लिहिलेले गुण हाच खरा पुरावा.

जंकमध्ये ओढलं की शिकवणारा क्रॉन काढून टाकला. त्याऐवजी दोन फोल्डर केले: "हा स्पॅम आहे" आणि "हा स्पॅम नव्हता". चुकून स्पॅम म्हणून शिकलेला मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला की "एसए-लर्न" जुनं शिकलेलं आधी पुसतो आणि मग नवं शिकतो, वेगळं काही करावं लागत नाही. नको असलेल्या पत्रकांसाठी डिलीटची कळ आहे, हे प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितलं.

जंक फोल्डर ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. म्हणून रोज सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी रात्रीच्या जंकची यादी एका मेलमध्ये जाते: पाठवणारा, विषय, गुण, आणि सगळ्यात मोठे तीन नियम. ५ ते ८ गुणांमधले मेल वर, बाकीचे खाली. एक्स्पोर्टच्या मॅडम चहा पिता पिता ती यादी बघतात आणि एखादा मेल चुकीचा वाटला तर त्याची ईएमएल आमच्याकडे येते.